खांबावरच्या रेघा

पावसाळ्यात वाळायला म्हणून खांबाला टेकवून ठेवलेले साचे मुलाने, सुशीलने हलवले आणि सरूबाईंच्या कपाळाला आठी पडली. पेणजवळच्या जोहे गावातल्या त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचं काम पंचवीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. मूर्तीला कुंचला लावण्याआधी त्या या लाकडी खांबावर, बरोबर नजरेसमोर, एक रेघ ओढून हात बसवून घेत. जुन्या रेघांचा काळपट पट्टा वर होताच. पण त्याच्या चार बोटं खाली वीसेक रेघा आणखी होत्या, त्यामानाने ताज्या.

त्या रेघा कोणाच्या, हे सरूबाईंना विचारावं लागलं नाही. सून मनाली दोन वर्षांपूर्वी घरात आली, तिचा हात चांगला आणि उंची बेताची.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. कुंचल्यांची फळी आता हाताला लागत नव्हती. कोणीतरी वर सरकवली होती. पातळाच्या निऱ्या पायांत येत होत्या. मनालीच इस्त्री करून घड्या घालायची, तिनेच ती ताणली असणार.

"फळी कुणी हलवली रं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आई, ती भिंतीत बसवल्येली हाय. कोन हलवील?" सुशील हसला.

त्याचं हसणंही त्यांना आवडलं नाही.

त्यात मनालीने पेणच्या डॉक्टरणीचा विषय काढला. "आई, तुमची पाठ वाकायला लागल्ये. एकदा दाखवून येऊ."

"माझी पाठ तुला का खुपते गो? मला घरात बसवायची घाई झालीय व्हय?"

"घरात बसून तुम्ही गप्प ऱ्हाणार हाव का? मलाच तरास."

सरूबाई गेल्या, पण बसमध्ये तोंड खिडकीकडे करून. डॉक्टरणीशी संगनमत असणार, एक कागद लिहून घेतील आणि कुंचला हातातून जाईल, असंच त्यांच्या मनात चाललं होतं.

डॉक्टरणीने मात्र पाठीपेक्षा भलतेच प्रश्न विचारले. पाळी कधी गेली? पिशवी काढली तेव्हा, अडतिसाव्या वर्षी. अंडाशयंही काढली? दोन्ही. आईची हाडं? आई रोह्याला अंगणात घसरली, खुबा मोडला, पुन्हा उठलीच नाही. मशेरी? "थोडी." मनाली बाजूला खोकली. गुडघ्यांना काय घेता?

"रोह्याच्या बाजारात एक जण पुड्या देतो. बहीण सीता धाडते. चार वर्षं झाली. लगेच बरं वाटतं."

"तेच मला खटकतंय," डॉक्टरीण म्हणाली. "अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते हाडं आतून पोखरतं. आणि अंडाशयं लवकर गेली की हाडांची झीज लवकर सुरू होते. पुड्या घेऊन या, पण एकदम बंद करू नका. आधी तपासू, मग हळूहळू कमी करू."

मग तिने एक्स-रे काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरला. पाठीचे दोन मणके पुढून चेपलेले होते.

"मी पडलेच नाय कधी," सरूबाई ठासून म्हणाल्या.

"हे न पडताही होतं. उंची कमी झाल्याचं जाणवलं नाही?"

सरूबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. हे हिने पढवलेलं. उंची काय पातळासारखी आटते?

घरी आल्या त्या चहाही न घेता कारखान्यात गेल्या. "मनाली, कुंचल्यांचा डबा काढ. तुझी एक रेघ दाखव मला."

मनालीने खांबावर रेघ ओढली. सरळ, नेटकी, शेवटी बोथट.

मग सरूबाईंनी कुंचला घेतला. या वर्षीची त्यांची पहिलीच रेघ. पाठ जमेल तेवढी ताठ केली, नजरेसमोर बघितलं आणि ओढली. शेवटी मनगट वळलं, नेहमीसारखी बारीक शेपटी उमटली.

रेघ खालच्या वीस रेघांच्या मधोमध पडली होती. त्या प्रत्येकीला तीच शेपटी होती. मनालीची तेवढी एकटी बोथट.

गेल्या वर्षी त्यांनीच ओढलेल्या रेघा. सरूबाई वरच्या पट्ट्याला नजर भिडवायला गेल्या तर टाचा उचलाव्या लागल्या, आणि पाठीतून कळ आली.

"आई, बसता का?"

"बसते. पण आखणी मीच करनार." त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं. "हिला त्या बुटक्या पाटावर घे. तू उचल, मला उचलायला लावू नको. आणि समोर बस, शेपटी कशी वळते ती बघ."

मनालीने मूर्ती खाली घेतली. सरूबाईंनी कुंचला रंगात बुडवला आणि थांबल्या.

"सीतेला फोन लाव आधी. ती पन त्याच पुड्या घेते. विचार तिला, तिची फळी कुणी वर सरकवली का."