आईच्या खोलीतला गार रेडिएटर

बॉयलरच्या गरम पाण्याने घरातले सगळे रेडिएटर तापतात आणि नेमका आईच्या खोलीतलाच गार पडून राहतो, याला काय म्हणायचं? इंग्लंडातल्या ग्रिम्सबीचा जानेवारी, समुद्रावरचा वारा हाडांत शिरतो, आणि शुक्रवारी कौन्सिलची नर्स खोली बघायला येणार. खोली उबदार असली तर आई आमच्याकडे राहणार. नसली तर तिची रवानगी लॉरेल हाउस या वृद्धाश्रमात. न्यूमोनियातून नुकत्याच उठलेल्या बाईला गारठ्यात ठेवता येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण या लॉरेनने स्वतःच्या आईला आश्रमात टाकलं, असं कुणी म्हटलेलं मला खपलं नसतं.

आणि ही खोली तापवायची कुणी? तर माझ्या नवऱ्याने. क्लाइव्हने जन्मभर बस चालवली, त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं असं त्याला वाटतं.

"हवा अडकलीय," तो म्हणाला.

"मग माणूस बोलव ना."

"यात माणूस कशाला? शेंबडं पोरसुद्धा करेल हे."

"मग शेंबडं पोर बोलव!"

त्याने छोटी किल्ली आणली, फडकं धरलं, रेडिएटरची हवा सोडली. हवा कसली, काळं पाणी आलं, तेही माझ्या नव्या कार्पेटवर. तरी गड्याने सोडलं नाही. रोज हवा, रोज पाणी. शेवटी बॉयलरचा दाब इतका उतरला की बॉयलरच बंद पडला आणि सगळं घर गारठलं.

"आता तरी कुणावर अन्याय नाही," मी म्हणाले.

बॉयलरमध्ये पुन्हा पाणी भरून झालं. मग त्याने बाकीचे सगळे रेडिएटर बंद केले, म्हणजे गरम पाणी झक मारत आईच्या खोलीत जाईल. ते काही गेलं नाही, आम्ही मात्र कोट घालून जेवलो. मग त्याने रेडिएटरच्या नळाची मूठ काढून आतली खिळी हातोडीने ठोकली. रेडिएटर ढिम्म. मला त्या हातोडीने दोघांनाही ठोकावंसं वाटत होतं.

आई पलंगावर टोपी घालून बसलेली. "जावईबापू, चहा घ्या आता. किती राबाल!"

"थंडी वाजतेय का गं?" मी विचारलं.

"छे! मी मजेत आहे."

आमच्याकडे हेच. माणूस घशापर्यंत बुडाला तरी मजेतच असतो.

शुक्रवारी सकाळी क्लाइव्हने रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाची प्लास्टिकची टोपी उपटली. तिच्याखालच्या नळाला कुणी कधी हात लावत नाही; त्याला मूठ नसते, पान्यानेच फिरवावं लागतं. त्याने पाना लावला आणि पाणी खळखळत आत शिरलं.

"लॉरेन, हा आवळून बंद केला होता गं. मी तर इकडे बघितलंही नव्हतं."

मी आईकडे पाहिलं. ती टोस्टला मार्मालेड लावत होती. माझे वडील घरोघरी रेडिएटर बसवायचे आणि ही त्यांची हत्यारं धरायची.

"आई, तू?"

"क्लाइव्हच्याच पेटीतला पाना घेतला," ती म्हणाली. "जागेवर ठेवलाय परत."

"अगं, मरायचं होतं का तुला?"

"गरम पाण्याची पिशवी होती की. आणि दोन स्वेटर."

"पण का?"

तिने सुरी खाली ठेवली. "लॉरेल हाउसमध्ये माझी मैत्रीण विनी आहे. संध्याकाळी पत्ते खेळतात, गाणी म्हणतात. इथे तुम्ही दोघं दिवसभर माझ्यावरून भांडता आणि मी खिडकीतून समोरची भिंत बघते."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तू सगळ्या गल्लीला सांगत सुटली होतीस, मी आईला कुठे पाठवणार नाही म्हणून. तुझं नाक कसं कापू?"

मला इतका राग आला, आणि इतकं रडू, की आधी काय करावं ते कळेना. तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

नर्सने रेडिएटरवर हात ठेवला. "वा, छान तापलाय. म्हणजे एडना इथेच राहतील ना?"

आईने पुन्हा टोस्ट हातात घेतला. ती खरं बोललीच नसती. माझं नाक सांभाळत याच खोलीत ती भिंत बघत बसली असती.

"नाही," मी म्हणाले. "तिला लॉरेल हाउसला जायचंय."

नर्सने आईकडे पाहिलं. "खरंच?"

"हो," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, पण अगदी चटकन म्हणाली, आणि ते चटकन म्हणणं मला फार लागलं.