चिंचेने घासलेली कडी

मी कडी बोलतेय. तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या दलदलीला लागून एका तबेल्याच्या दाराला मी होते. आता वाकडी होऊन देवघरात पडले आहे आणि घरचे लोक मला हळदकुंकू वाहतात. त्याचाच मला राग येतो. का ते सांगते, पण घाईने सांगते, कारण उद्या पुन्हा आयुधपूजा आहे.

माझा जन्म इरुंगाट्टुकोट्टैच्या एका लहानशा वर्कशॉपमधला. मोटारींचे सुटे भाग करून उरलेल्या सळईतून मला कापलं, तासलं आणि टोकाला बोट अडकवण्यापुरतं वळण दिलं. मी दिसायला काही खास नव्हते, पण ताकद होती.

मला करवून घेतलं बालाजीरावांनी. आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात कारकुनी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ तंजावूरकडचे मराठी, बोलीही तिकडचीच. पूर्वज घोडदळात होते असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि कुणी हसलं की रुसायचे. त्यांनी एक घोडी पाळली होती. रविवारी मोठमोठ्या इमारतींतली मुलं तिच्यावर बसून चक्कर मारायची. तेव्हा दाराला नुसता दोर असायचा. एका पहाटे घोडी दोर सोडवून मोठ्या रस्त्यावर गेली आणि पाण्याच्या टँकरखाली सापडली. मग बालाजीराव वर्कशॉपात आले आणि म्हणाले, "दोर नको. लोखंड पाहिजे."

म्हणजे मी भीतीपोटी जन्मले. भीतीने केलेल्या वस्तूचं काही चांगलं होत नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

पुढे समुद्रकिनाऱ्यावरून चिट्टु आला. चिट्टु म्हणजे तमिळमध्ये चिमणी. होताही तसाच, लहानखुरा आणि सतत फडफडणारा. दोन वर्षांचं ते शिंगरू जन्मभर वाळूत उघड्यावर झोपलेलं. चार भिंती त्याला ठाऊकच नव्हत्या. पहिल्या संध्याकाळी मला सरकवलं तेव्हा त्याने दारावर अशा लाथा झाडल्या की माझे स्क्रू हलले.

बालाजीराव नातीला म्हणाले, "हरिणी, आयुधपूजेपर्यंत हा रात्रीचा आत राहायला शिकला तर ठेवू. नाहीतर किनाऱ्यावर परत. अजून एक घोडा रस्त्यावर मेलेला मज बघवणार नाही."

हरिणी कॉलेजात जाणारी मुलगी. मराठी बोलता बोलता तिचं तमिळ कधी सुरू होई ते तिलाच कळत नसे. पण घोड्याशी बोलायची ती अगदी हळू. दुपारी दार सताड उघडं ठेवून तिने त्याला आतच भिजवलेले हुलगे द्यायला सुरुवात केली. मग आतच खरारा करू लागली. मग दार नुसतं ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर बादली पालथी घालून तिच्यावर बसली. शेवटी माझी पाळी आली. मला सरकवायची, त्याला मूठभर हुलगे द्यायची आणि तो बिथरण्याआधीच मला पुन्हा मागे घ्यायची.

"बघ कण्णा, लागली. बघ, उघडली. पयप्पडादे," म्हणजे घाबरू नकोस राजा, असं ती प्रत्येक वेळी सांगायची.

बंद ठेवायचा वेळ ती रोज थोडा वाढवी. जाण्याआधी मात्र एकदा मला उघडून दाखवायचीच, आणि सायकलच्या तेलाचा थेंब माझ्या अंगावर सोडायची. मी लोण्यासारखी सरकायचे. हळूहळू माझा आवाज आला की चिट्टु कान टवकारून शांत उभा राहू लागला. कडी लागली म्हणजे वाट पाहायची, कडी उघडणारच, एवढं त्याला पक्कं समजलं. लाथ मारायची असते हेच तो विसरला. हरिणीला केवढा आनंद झाला! मला का कोण जाणे, धाकधूक वाटू लागली.

आयुधपूजा आली. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरत नाहीत. खोगीर, लगाम, कात्री, हातोडी, झालंच तर सायकलच्या तेलाची बाटलीसुद्धा देवघरात गेली. मला दारावरून काढता येईना, म्हणून बालाजीराव चिंचेचं पाणी घेऊन तबेल्यात आले. त्यांनी मला घासघासून लख्ख केलं. अंगावरचं सगळं तेल गेलं. मग ओलं चंदन फासलं, कुंकू लावलं, झेंडूचा हार गुंडाळला. मी इतकी सुंदर कधीच दिसले नव्हते आणि इतकी उघडी कधीच पडले नव्हते.

संध्याकाळी चिट्टुला आत घेऊन दार लावलं, मला सरकवलं आणि मग माझी आरती ओवाळली. आज पहिल्यांदा तो पूर्ण रात्र आत राहणार होता. हरिणीने सवयीने मला उघडून दाखवायला हात पुढे केला.

"हात नको लावूस!" बालाजीराव म्हणाले. "अज ती पूजेत अहे. उद्या पुनर्पूजा झाल्यावरच उघडायची."

"ताता, एकदाच. त्याला सवय आहे. आणि तेल..."

"शिकला ना तो? मग पोदुम, पुरे. एक रात्र शांत राहील."

हरिणीने हात मागे घेतला. मोठ्यांचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती. समुद्राकडून गार वारा सुटला होता.

पाऊस अंधार पडता पडता सुरू झाला आणि थांबलाच नाही. चंदन वाहून गेलं आणि माझ्या उघड्या अंगावर गंज धरू लागला. दाराची लाकडं फुगली आणि मला आवळू लागली. मग दलदलीचं पाणी गवतातून सरपटत, आवाज न करता आत आलं. चिट्टु मधून मधून दबक्या आवाजात हाक मारी आणि दाराशी नाक आणून माझा वास घेई. मी मनातल्या मनात ओरडत होते, "मार लाथ! अरे, पहिल्या दिवशी मारलीस तशी मार!" पण तो शहाण्यासारखा वाट पाहत राहिला.

फटफटलं तेव्हा पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं. हरिणी आणि बालाजीराव कमरेएवढ्या पाण्यातून आले. हरिणीने मला ओढलं. मी हलले नाही. बालाजीरावांच्या हातात हातोडी होती. पूजेतून उचललेली, कुंकवासकट. आपला नियम त्यांनी आपणच मोडला होता, पण फार उशिरा. त्यांनी घाव घातले. माझं वळण तुटून पाण्यात पडलं. पाणी चढतच होतं.

"आतून लाथ मारली तरच," हरिणी म्हणाली.

"मग मारू दे की!"

"मारणार नाही, ताता. मीच शिकवलंय त्याला."

मग तिने तीच बादली उचलली, जिच्यावर बसून ती त्याला धीर द्यायची, आणि दारावर दाणदाण आपटू लागली. घसा फाटेपर्यंत ओरडली. "पो! जा! पो!" चिट्टु थरथरत मागे सरला. त्याने फटीतून तिच्याकडे पाहिलं. ती नजर मी पाहिली आहे आणि ती मला विसरता येत नाही. हरिणी रडत होती, पण बादली थांबली नाही.

शेवटी त्याने पाठ फिरवली आणि लाथ मारली. तिसऱ्या लाथेला मी वाकले आणि दारासकट निखळले. तो तिच्या अंगावरूनच गेल्यासारखा बाहेर पडला आणि लांब उंचवट्यावर जाऊन उभा राहिला. तिच्या हाकेला आला नाही.

चिट्टु जिवंत आहे. वर्ष झालं, पत्र्याच्या उघड्या आडोशाला लांब दोराने बांधलेला झोपतो. हरिणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करून बसली आहे, बादलीशिवाय, जमिनीवर. गेल्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा तबेल्यात मान घातली. ती संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही.

मला बालाजीराव "हिनेच घोडा वाचवला" म्हणून नमस्कार करतात. मी वाचवला नाही हो! मी तर त्याला धरून ठेवलं होतं.

दाराला आता नवी कडी आहे. कोवळी, चकचकीत, तिला काही माहीत नाही. चिट्टुला उद्या रात्री आत घ्यायचं ठरलंय. स्वयंपाकघरात चिंच भिजत पडली आहे आणि खिडकीतून पुन्हा समुद्राकडचा गार वारा येतोय. माझं कोणी ऐकत असेल तर एवढंच करा. हार घाला, कुंकू लावा, हवं ते करा. तेलाची बाटली तेवढी पूजेत मांडू नका.