गाऱ्हाण्याखालचं गाणं

लवूने कॅसेट हातात घेतली आणि उलटी करून कड बघितली. कॅसेटच्या कडेची ती बारकी खुट्टी त्याने स्वतः मोडली होती, चुकूनसुद्धा कोणी वर दुसरं काही भरू नये म्हणून. आता त्या भोकात कागदाचा बोळा कोंबलेला, आणि वरून भाताची शितं चोळून पक्का केलेला. म्हणजे वर कोणीतरी काहीतरी भरलंच होतं.

"अक्का, ह्यां कोणी केला?"

"मिया केलंय. कित्याक रे?" काशिनाथची आई दारातूनच म्हणाली.

कित्याक म्हणे! ओटीवर पणजीच्या कॅसेट कंपनीचा मिंगेल बसलेला, बाहेर त्याची जीप उभी. आणि बाकावर गळ्याला मफलर गुंडाळून काशिनाथ.

वेंगुर्ल्यात रॉक बँड म्हणजे ही तीन टाळकी. लवू ड्रमवर, श्रीपाद गिटारवर, गायला काशिनाथ. चर्चच्या फेस्तांना, कॉलेजच्या गॅदरिंगला इंग्रजी गाणी ठोकून त्यांनी गाव हलवलेलं. एक कॅसेटही निघाली. मग काशिनाथच्या गळ्याचं ऑपरेशन करावं लागलं आणि आवाज गेला तो गेलाच. नुसती फुसफुस उरली. बँड तिथेच बसला.

आता मिंगेल दुसरी कॅसेट काढायची म्हणत होता. दुसऱ्यांची गाणी यांनी म्हटलेली, आणि कधी कुठे न आलेली उरलीसुरली. इंग्रजी गाणी श्रीपादने जमवून दिली. पण काशिनाथने स्वतः बांधलेलं मालवणी गाणं या एकाच कॅसेटवर होतं. मिंगेलने सांगून टाकलेलं, ते असेल तर कॅसेट निघेल. नुसती इंग्रजी लोक मुळातलीच ऐकतील, यांची कशाला?

आणि लवूने दवाखान्यात काशिनाथला शब्द दिलेला, तुझां गाणा लोकांच्या घराघरात वाजतला.

"अक्का, काय भरलंस हेच्यार?" लवूचा आवाज चढला.

"गाऱ्हाणां. ऑपरेशनच्या आधी देवळात घातलेला ता. म्हटला, दवाखान्यात तेच्या उशाक लावया. तर त्या नर्सबायेन वाजवूकच देवक नाय."

"अगो, पण घरात कोऱ्यो कॅसेटी नाय होत्यो?"

"होत्यो की."

"मगे?"

"ह्या कॅसेटीत तेचो आवाज होतो रे. देवाक कळाक नको, कोणाचो आवाज मागतंय ता?"

श्रीपादने कपाळाला हात लावला. काशिनाथ आईकडे बघत राहिला. त्यालाही हे आजच कळत होतं.

"लाव," त्याने खुणेने सांगितलं.

लवूने बटण दाबलं. ड्रमचे चार ठोके, गिटार, आणि काशिनाथचा आवाज सुटला, "वारो फिरलो..." तेवढ्यात खटकन आवाज झाला आणि देवळात गाऱ्हाणं घालणारा बाबू गावकर सुरू. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या गळ्यार हात ठेव रे म्हाराजा..."

मागून सगळी माणसं, "व्हय म्हाराजा!"

बाबू गावकराचं गाऱ्हाणं म्हणजे लांबण. ग्रामदेवता झाली, वाटेवरचा झाला, वेशीवरचा झाला, समुद्राकडचा झाला. एकालाही वगळायचा नाही, रागावला तर?

लवूची बोटं आपसूक मांडीवर पडायला लागली. गाणं त्याच्या हाडात होतं. खाली गाणं चाललंय आणि वर गाऱ्हाणं, असंच त्याला वाटायला लागलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. आता श्रीपादची गिटार. श्रीपाद त्याच्या बोटांकडे बघत होता, त्याची पण डावी बोटं हवेत हलत होती.

"आटप रे बाबू," श्रीपाद पुटपुटला. "सगळे देव इले मरे!"

"गप रव," अक्का म्हणाली. पण तिचा पदर तोंडाला गेलेला. आपण काय करून बसलो ते तिला त्या बोटांवरून आता कळत होतं.

तिसरं कडवंही गेलं. मिंगेल उठून चपला शोधायला लागला. लवूने मान वर केली नाही. आता शेवटचं धृपद तेवढं उरलं होतं.

"...तेचो आवाज तेका परत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या घोळक्यात एक आवाज घोगरा, फाटका, बाकीच्यांच्या मागून आलेला. काशिनाथ बाकावर ताठ झाला. तोही होता देवळात. तोच त्याचा शेवटचा आवाज.

खट्.

आणि लवूचं बोट मांडीवर पडलं त्याच ठोक्याला ड्रम वाजला. "शीड फाटला, तरी मी येतंय! तरी मी येतंय!" खणखणीत, जवान, छपराला लागणारा गळा. मग गिटारीची किंकाळी, आणि नुसती खरखर.

मिंगेल एका चपलेवर उभा. "हे... हे असंच घालूया काय? गाऱ्हाण्यासकट?"

सगळे काशिनाथकडे वळले. हो म्हणायचा हक्क एकाचाच.

काशिनाथने आईकडे बघितलं. ती भिंतीला टेकून रडत होती. तो उठला, कॅसेट काढली आणि भोकातला तो शितं लावलेला बोळा नखाने खरवडून काढला. बोळा आईच्या हातात ठेवला. कॅसेट मिंगेलच्या हातात दिली.

आणि जेवढा वारा गळ्यात होता तेवढा गोळा करून फुसफुसला, "व्हय म्हाराजा."