चहा करून दाखवा

मित्रांनो, माझ्या काळ्या बुडाकडे बघून नाक मुरडू नका. मुठीचं एक टोक वितळलेलं, अंगावर धूळ, असं हे ध्यान म्हणजे मी, एक जुनी विजेची किटली. टास्मानियातल्या सफरचंदांच्या खोऱ्यात एक शुश्रूषागृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. गोड काही ऐकायला मिळेल या आशेने बसला असाल तर आत्ताच उठा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी आरशासारखी लखलखीत होते. पोट गोल, तोटी ऐटदार. वायर माझ्या अंगाला चिकटलेली नव्हती. ती वेगळी असायची, लागेल तेव्हा मागे खुपसायची. कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून गेले आणि त्या घरात वर्षानुवर्षं पाणी उकळलं. मालकीण थकली तेव्हा ती या शुश्रूषागृहात आली, तिच्या सामानाबरोबर मीही आले. ती इथेच गेली. मी मागे उरले, आणि माझी नेमणूक परीक्षेच्या स्वयंपाकघरात झाली.

हो, परीक्षाच! इथून कुणाला आपल्या घरी परत जायचं असेल तर त्याला आधी चहा करून दाखवावा लागतो. पाणी भरता येतं का, अंगावर न सांडता ओतता येतं का, दूध कुठे आहे ते आठवतं का, हे सगळं शहरातून येणारी तपासनीस बघते. चहा जमला तर घर, नाही जमला तर इथलीच खाट. "ही जुनीच किटली बरी," सगळे म्हणायचे, "घरच्यासारखी दिसते, म्हाताऱ्यांना परकं वाटत नाही." ते ऐकून मी फुशारून जायचे. मूर्ख मेली!

अशात एनिडबाई आल्या, खुब्याचं हाड मोडून. सगळा जन्म सफरचंदं पेट्यांत भरण्यात गेलेला. नवरा वारल्यापासून बागमालकाच्या एका छोट्या घरात भाड्याने एकट्याच राहायच्या. जीभ अशी तिखट की विचारू नका. "हा चहा आहे की मेंढ्या धुतलेलं पाणी?" असं वाढणारीच्या तोंडावर म्हणायच्या. हाड सांधलं, पाय चालू लागले, तशी त्यांनी घरी जायची भुणभुण लावली. म्हाताऱ्यांना इथून उचलून आपापल्या घरी नीट बसवून द्यायचं, ही नोलीनची नोकरी. तिने न्हाणीघरात धरायला दांडा ठोकून घेतला, पायऱ्यांवर उतार करवला, शेजाऱ्याकडून चुलीची लाकडं फोडून घेतली. बागमालकाने बजावलं होतं, "तोडणीचे मजूर यायच्या आत एनिड आली तर घर तिचं. नाहीतर मला ते मजुरांना द्यावं लागेल."

परीक्षा घ्यायला शहरातून किर्स्टी आली. तरुण, गोड बोलणारी पोर.

"एनिड, माझ्यासाठी एक कप चहा करता?"

"करते की. साखर किती घालू?"

एनिडबाईंनी माझ्यात पाणी भरलं, झाकण लावलं, आणि मला उचलून गॅसच्या शेगडीवर ठेवून खाली जाळ केला.

आता सांगा मित्रांनो, यात वेडेपणा कुठे होता? त्यांच्या घरी लाकडाची चूल, चुलीवर लोखंडी किटली. उभा जन्म तसाच गेला. माझी वायर तर खणात पडलेली. किटली दिसली, शेगडी दिसली, ठेवली! पण माझं बूड करपलं, मूठ वितळली, धूर झाला आणि धोक्याची घंटा बोंबलायला लागली. किर्स्टीने धावत येऊन गॅस बंद केला.

"अहो, ही विजेची आहे!"

"मग तसं सांगायचं ना, पोरी! हिच्या कपाळावर लिहिलंय का?"

किर्स्टी हसली नाही. तिने नोलीनला बाजूला घेतलं. "डोकं चालेनासं झालं की माणसं असंच करतात. हिला एकटीला कशी सोडू?"

"अगं, तिच्या घरी विजेची किटली नाहीच! तिच्या घरी चल, तिच्या चुलीवर करू दे."

"चुलीवर? म्हणजे आणखी जाळ? नको गं बाई. पुढच्या फेरीला बघू."

मला एकदा तरी ओरडता आलं असतं तर! माझी कड घ्यायला नको होती कुणी, त्यांची घ्यायला हवी होती. उलट नव्या शिकाऊ मुली आल्या की किर्स्टी माझं करपलेलं बूड त्यांना दाखवायची, "बघा, परीक्षा का लागते ते." माझी अशी लाज कधी निघाली नव्हती.

माझ्या जागी प्लास्टिकची पांढरी किटली आली. एनिडबाई रोज तिच्यावर हात बसवायच्या. "बटण दाबायचं, झालं! यात मेली अक्कल कसली?" तिकडे बागेत सफरचंदं लाल झाली. नोलीनने मालकाच्या हातापाया पडून थोडे दिवस मागून घेतले. तेही सरले.

किर्स्टीची पुढची फेरी आली. एनिडबाईंनी चहा असा केला की एक थेंब बशीत सांडला नाही.

"एकदम पास!" किर्स्टीने टाळ्या वाजवल्या. "आता खुशाल घरी जा."

नोलीन भिंतीकडे बघत उभी होती.

"तुझं काय गं? तोंड का पाडलंस?" एनिडबाईंनी विचारलं.

"घर गेलं, एनिड. काल मजूर राहायला आले. मला सांगायचा धीर झाला नाही. दुसरं शोधतेय, पण कुठे मिळत नाहीये."

एनिडबाई टेबलाला धरून खाली बसल्या. मग किर्स्टीला म्हणाल्या, "मग आज मी कशात पास झाले गं, पोरी?"

किर्स्टीचे डोळे भरले.

"रडू नकोस. चहा पी, गार होतोय."

एनिडबाई अजून इथेच आहेत. नोलीन अजून घर शोधते आहे. किर्स्टी दुष्ट नव्हती, मित्रांनो, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. तिने त्या दिवशी एवढंच विचारायचं होतं, "तुमच्या घरी पाणी कशावर तापवता?" तुमच्या हाती कधी कुणाचं घरी जाणं असेल, तर आधी त्याच्या घरची रीत विचारा. आणि विचाराल ते लगेच विचारा. माणूस पुढच्या फेरीपर्यंत कसाबसा थांबतो, घर थांबत नाही.