बाळंतिणीची बंद खोली

दीपकला एखादी गोष्ट पटली की घरच्यांची खैर नसे. मागे त्याला कच्च्या भाज्या पटल्या होत्या, तेव्हा योगिनी बिचारी महिनाभर मुळा-काकडी चघळत बसली होती. यंदा त्याला कार्बन पटला.

अंबडच्या ज्या कारखान्यात तो भट्टी विभागात इंजिनिअर होता, तिथे 'हरित घर' नावाची स्पर्धा निघाली. मोबाइलवर ॲप घ्यायचं, घरात वीज किती जळते, गॅस किती लागतो, गाडी किती फिरते ते त्यात भरायचं, की आपल्या घरापायी हवेत किती कार्बन जातो तो आकडा समोर. सर्वांत कमी आकडा ज्याचा, त्याचा सत्कार. बाकीच्यांनी चार दिवस हौस केली आणि सोडून दिलं. दीपक सोडणाऱ्यातला नव्हता. यंदाच्या उन्हाळ्याने तो मनातून घाबरला होता. योगिनीला दिवस गेलेले, आणि आपल्या पोराच्या वाट्याला असले उन्हाळे येणार या विचाराने त्याची झोप उडायची. यात ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर बरं झालं असतं, कारण ढोंगी माणूस अडचणीच्या वेळी स्वतःला सूट देतो.

सातपूरहून अंबडला तो सायकलने जाऊ लागला. गीझरचं बटण त्याने चिकटपट्टी लावून बंद करून टाकलं. रोज जेवण झालं की तो आकडा बघायचा आणि तो घसरलेला दिसला की लहान मुलासारखा खूश व्हायचा.

डिसेंबरच्या सुरुवातीला मुलगा झाला, आणि त्याच आठवड्यात नाशिकला हुडहुडी भरली. योगिनीचा भाऊ रवी खोलीत ठेवायला विजेचा हीटर घेऊन आला. दीपकने त्याला चहा पाजला, आभार मानले आणि तो गेल्यावर हीटर माळ्यावर टाकला.

"अहो, बाळाला थंडी वाजेल," योगिनी म्हणाली.

"हा राक्षस आपली चार महिन्यांची मेहनत चार दिवसांत खाईल. थांब, मी काहीतरी करतो."

त्याने जे केलं ते अगदी मन लावून केलं. ॲपमध्ये सल्ला होता की घरातली ऊब फटींमधून निघून जाते, फटी बुजवा. त्याने बाळंतिणीच्या खोलीच्या सरकत्या खिडक्यांना फोमची पट्टी लावली, वर चिकटपट्टी फिरवली. पंख्यासाठी भिंतीत ठेवलेल्या भोकावर पुठ्ठा बसवला. दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली. मग मेणबत्ती पेटवून सगळीकडे फिरवून पाहिली. ज्योत कुठेच हलली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी दवाखान्याजवळ राहायला सांगितलं होतं, म्हणून माहेरच इकडे आलं. म्हणजे योगिनीची आई, चतुराबाई. कळवणजवळच्या गावाहून त्या आल्या त्या काथ्याची बाज, लोखंडी शेगडी आणि कोळशाचं पोतं घेऊनच. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाजेवर निजवायचं, खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची आणि वर ओवा, शेपा टाकायच्या, ही त्यांच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

शेगडी बघून दीपक कपाळाला हात लावणार, असं योगिनीला वाटलं होतं. पण त्याने सासूला विचारलं, "मामी, हा कोळसा कुठला?"

"आपल्याच बांधावरच्या बाभळीचा. म्या सोता पाडला. आन् तिथं दुसऱ्या बाभळी लावल्या बी."

दीपकचा चेहरा उजळला. बाभूळ घरची, तिच्या जागी नवी लावलेली, वीज नाही, गॅस नाही. ॲपमध्ये शेगडीसाठी रकानाच नव्हता. म्हणजे शून्य!

जावई-सासूचं कधी नव्हे ते एकमत झालं, आणि खरा घात तिथेच झाला. चतुराबाईंना बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नव्हतं, दीपकला ऊब बाहेर जाऊ द्यायची नव्हती. दोघांनी मिळून ती खोली डब्याच्या झाकणासारखी घट्ट लावली. गावाकडे चतुराबाईंच्या घराला कौलं होती, कुडाच्या भिंती होत्या. तिथे शेगडी कितीही पेटवली तरी हवा आपल्या वाटेने येत-जात राहायची. खोलीला फट हवी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कारण बिनफटीचं घर त्यांच्या गावात कुणी बांधलंच नव्हतं.

योगिनीचं डोकं दुखायला लागलं ते तेव्हापासून. रोज सकाळी न्हाणं झालं, शेक झाला, झोप झाली, की उठताना डोकं नुसतं ठणकायचं. मळमळायचं. गॅलरीत उन्हाला बसलं की हळूहळू उतरायचं.

"बाहेर आले की बरं वाटतं," ती म्हणायची.

"बाहेर येते म्हनूनच दुखतंय," चतुराबाई म्हणायच्या. "ओल्या अंगाला वारं लागतं, ते डोक्यात शिरतं. उद्यापासून गॅलरी बंद. आन् शेक वाढवते जरा."

दीपकला वारं वगैरे पटत नव्हतं, पण बाळंतिणीची झोप होत नाही, तिने आत पडून राहावं, हे त्यालाही पटलं. गॅलरी बंद झाली. शेगडीत कोळसे वाढले. डोकेदुखीही वाढली, म्हणून चतुराबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून मुलीची दृष्ट काढली.

बाळ मात्र कुणाला त्रास देत नव्हतं. शेजारच्या वत्सलाबाई अळिवाची खीर घेऊन आल्या आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या. "किती गुणी गं बाई! आमची तर रडून घर डोक्यावर घ्यायची. आणि गाल कसे गुलाबी!"

"पण दूध पीत नाही हो पोटभर," योगिनी म्हणाली. "ओढता ओढता झोपतो." तिने हे दीपकलाही सांगितलं. त्याने बाळाच्या गालाला बोट लावलं, गाल छान कोमट होता. हीटरशिवाय! त्याला स्वतःचा अभिमान वाटला. योगिनीला मात्र उगाचच रडू आलं आणि का ते तिला सांगता आलं नाही.

सत्कार शुक्रवारी, सकाळच्या चहाच्या सुटीनंतर कँटीनमध्ये होता. निघताना दीपक खोलीत डोकावला. चतुराबाई निखारे फुलवत होत्या. धूर नव्हता, जळका वास नव्हता, फक्त ओव्याचा छान दरवळ. योगिनी भिंतीला टेकून बसली होती.

"आज नको ना शेक," ती म्हणाली. "आई, आजच्या दिवस नको."

"सव्वा महिना तरी शेकावंच लागतंय, मग जल्मभर कंबर धरत नाय," चतुराबाई म्हणाल्या. योगिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो शर्टाची कॉलर नीट करत होता.

"मामींना कळतं त्यातलं," तो म्हणाला आणि दार नीट ओढून घेऊन निघाला.

कँटीन भरलं होतं. आकडा पडद्यावर झळकला तेव्हा टाळ्या पडल्या. साहेबांनी झाडाची कुंडी हातात दिली आणि म्हणाले, आता तुमचं गुपित सांगा. दीपकने सायकल सांगितली, गीझर सांगितला. मग त्याच्या आवडीचा भाग आला. नवं बाळ, ही थंडी, आणि तरी विजेचा हीटर नाही! आपली जुनी रीत, बाजेखाली कोळशाची शेगडी. लोक कौतुकाने हसले.

पुढच्या रांगेत सुरक्षा अधिकारी उज्वला मॅडम बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "खिडकी उघडी असते ना?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम," दीपक ऐटीत म्हणाला. "एक फट ठेवलेली नाही."

आणि बोलता बोलताच त्याने स्वतःचं वाक्य ऐकलं. भट्टी विभागात छताखाली एक यंत्र होतं. अर्धवट जळत्या कोळशाचा वायू साठला की ते किंचाळायचं. त्या वायूला रंग नसतो, वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, हे नव्या कामगारांना दीपकच तोंडपाठ सांगायचा. कोळसा कुठून आला याच्याशी त्या वायूला काही देणंघेणं नसतं. हातातली कुंडी तशीच खाली टाकून त्याने घरी फोन लावला.

फोन बराच वेळ वाजला.

"हा जावईबापू! झाला का सत्कार?" चतुराबाईंचा आवाज हसरा होता.

"मामी, तुम्ही कुठे आहात?"

"सैपाकघरात. डिंकाचे लाडू वळते. ती दोघं गाढ झोपलीत आत."

"बाळ रडतंय का?"

"छे! लय शहाणं पोरगं. सकाळधरनं हूं नाय की चूं नाय."

"दार उघडा! खिडक्या उघडा! दोघांना उचलून गॅलरीत न्या, आत्ता!"

"आत्ता? अवो, आत्ताच न्हाऊ घातलंय. अंगावर घाम हाय. वारं लागंल."

"लागू द्या वारं!"

"तुमीच म्हनले व्हते, दार उघडायचं नाय म्हनून..."

सासूपुढे कधी आवाज न चढवलेला दीपक असा ओरडला की कँटीनमधले लोक उठून उभे राहिले. "मरतील ती, मामी! दार उघडा!" उज्वला मॅडम दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्सला त्याचा पत्ता सांगू लागल्या.

फोनमध्ये आधी ताट पडल्याचा आवाज आला. मग पावलं, दार. मग चिकटपट्टी फाटल्याचा लांब आवाज, खिडकी सरकल्याचा आवाज. "योगे. ए योगे. ऊठ गं. योगे!" हाका वाढत गेल्या. दीपकने फोन कानात रुतेल इतका दाबला होता.

"काय गं आई..." योगिनीचा जड, अडखळता आवाज आला.

दीपक भिंतीला टेकून खाली बसला आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडू लागला. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फोन अजून चालूच होता.

"आई, याला घे ना," योगिनी पलीकडे म्हणत होती. "हा बघ ना कसा पडलाय. अंग चांगलं गरम आहे गं याचं, पण हा हलत नाहीये."