लकवा सांगणारं पाणी

चुडाव्याच्या स्टेशनवर उतरून माणसं आमच्या गावच्या पाराकडे धावत सुटली, ती योगीराज महाराजांसाठी. महाराज तळहातावर पिवळं तीर्थ ओतत. ते लाल झालं की लकवा दारात उभा, मग गंडा घ्या. पिवळं राहिलं की सात वर्षं निर्धास्त.

गावचे मोठे शेतकरी व्यंकटराव यांच्या तळहातावर तीर्थ लाल झालं आणि ते मटकन खाली बसले. साठी उलटलेल्या सरजाबाईचं पिवळंच राहिलं. महाराजांनी तिला रक्तदाबाच्या गोळ्या गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडायला सांगितल्या. तिने त्या खरंच सोडल्या.

आठ दिवसांनी उपकेंद्राच्या नर्स सुकेशनीताईंनी तिचा दाब मोजला. वरचा आकडा एकशे नव्वद. सरजाबाईला घेऊन त्या तडक पारावर आल्या.

रांगेतले बाप्ये नेहमीसारखे तंबाखू मळत उभे होते. ताईंनी तळहात पुढे केला. तीर्थ पिवळं. महाराजांनी त्यांना पुण्यवान ठरवलं. मग ताईंनी गंडा घ्यायला आलेल्या व्यंकटरावांची चुन्याची डबी मागितली, बोटभर चुना तळहातावर चोळला, पुसला आणि पुन्हा हात धरला. तीर्थ लालभडक.

"इतक्यात मला लकवा कुठून आला, म्हाराज?"

तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी, आणि तंबाखू मळणाऱ्याच्या हाताला चुना असतोच. हळदीला चुना लागला की ती लाल होते. सातवीला मी हा प्रयोग दरवर्षी शिकवतो, आणि रांगेत निम्मे माझेच विद्यार्थी होते. महाराज मात्र चपळ निघाले. पाथरीची जीप त्यांना लगेच मिळाली.

"मंजी मला धोका न्हाई," व्यंकटराव खुशीत म्हणाले.

"हाय की. तंबाखू सोडा," ताई म्हणाल्या. "पण तुमचं वय कमी, दाब-साखर बरी. सरजामावशीला दाब हाय, साखर हाय, वय झालंय, आई लकव्यानंच गेली. सगळं मिळून बघावं लागतंय. गावात पयला नंबर तिचा."

सरजाबाईने ताईंनी दिलेली गोळी तिथेच घेतली. "पिवळं पाणी बघून मी लय खूश झाले व्हते," ती म्हणाली, आणि रडली.

मला राग याचाच येतो. लाल पाण्याने घाबरलेल्यांचं फक्त हसं झालं. पिवळ्या पाण्याने निर्धास्त झालेली बाई मेली असती. तुमच्या गावी असा कोणी आला, तर त्याने वय विचारलं का, दाब मोजला का, साखर तपासली का, घरात आधी कोणाला काय झालं ते विचारलं का, एवढं बघा. नसेल, तर रांग सोडा आणि उपकेंद्रात जा.