आजीबाईंचा डबा

मला दोरावर चढवण्यात सर्वांत मोठा फायदा होता तो बुर्गीचा. तिची खाणावळ डोंगरमाथ्यावर, आणि ज्यांना स्की येत नाही त्यांना हिवाळ्यात तिथे पोचायला वाटच नव्हती.

मित्रांनो, मी रोपवेची एक जुनी केबिन आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या आमच्या गावात डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टला खुर्च्या हव्यात की केबिनी, यावर दोन हिवाळे भांडण चाललं. शेवटी दोन्ही एकाच दोराला लावल्या. चार खुर्च्या, मग एक केबिन. स्कीवाले पायातली स्की न काढता खुर्चीवर बसतात. केबिनीत म्हातारे, तान्ही मुलं आणि पायी येणारे.

कारखान्यातून आले तेव्हा लोक माझ्या काचांवरून हात फिरवायचे. नवलाई सरली आणि मला 'आजीबाईंचा डबा' म्हणू लागले. गावचा माणूस माझ्यात बसला म्हणजे त्याची स्की संपली, असं सगळे धरून चालत.

बुर्गीचे वडील ऑथमार यांनी तर निम्म्या गावाला स्की शिकवलेली. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्की बंद केली आणि वर जायला उरले मी. ते आलेच नाहीत. बुर्गी दर रविवारी त्यांचं ताट मांडायची आणि संध्याकाळी तसंच उचलायची. ईस्टर उलटला की लिफ्ट बंद होणार होती. शेवटचा रविवार उजाडला आणि ऑथमार आले. पायात स्की!

"ऑथमारकाका, डॉक्टर काय म्हणाले होते?" खालच्या फलाटावरच्या कास्परने विचारलं.

"डॉक्टर सपाटीवरचा आहे. त्याला उतारातलं काय कळतं? तू खुर्ची धर."

माझ्या पुढच्याच खुर्चीत ते एकटे बसले. माझ्यात होती बेकरीवाली रोझिना. गावातली बातमी पावाआधी तिच्या दुकानातून बाहेर पडते. वर पोचलं की खुर्चीतून उठून घसरत निघायचं असतं. ऑथमार उठलेच नाहीत. खुबा आखडला होता. खुर्ची त्यांना घेऊन तशीच वळू लागली, स्की लिफ्ट थांबवणाऱ्या आडव्या दांडीला लागली आणि सगळी लिफ्ट थांबली. वर होते ते बाहेरगावचे पाहुणे. हा म्हातारा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. रोझिनाने मात्र खिडकी सरकवली.

बुर्गी एप्रनला हात पुसत धावत आली.

"बाबा, उतरा."

"उतरतोच आहे. तुमची लिफ्टच घाई करते."

"लिफ्ट थांबलीय, बाबा."

ऑथमारनी इकडेतिकडे पाहिलं. "असं होय. मग हात दे."

पावाचे गोळे घातलेलं सूप त्यांनी दोनदा मागून घेतलं. उतरताना मात्र माझ्यावाचून इलाज नव्हता. स्की दाराबाहेरच्या खोबणीत ठेवली, हेल्मेट डोक्यावरच राहू दिलं. समोर नेमकी रोझिना.

"मघाशी वाऱ्याने थांबली का गं लिफ्ट?"

रोझिनाने बाहेर पाहिलं. पाइनची एक काडीही हलत नव्हती.

"वाराच होता," ती म्हणाली. "केवढा तरी!"

आता ऑथमार हिवाळ्यातल्या दर रविवारी माझ्यातूनच जातात. स्की बाहेर, खोबणीत. मित्रांनो, माझ्या दारांना तेल द्या, काचा पुसा, आणि आत कोण बसलंय ते पाहून हसू नका. बाकी हिशेब सरळ आहे. ऑथमारचा थोडा ताठा गेला. त्यांच्या बुटांचे चरे माझ्या फरशीवर पडले. सर्वांत जास्त किंमत मोजली ती रोझिनाने. एवढी मोठी बातमी हाती आली, आणि ती तिने कोणालाही सांगितली नाही.